चार पायांची सवत

सवत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नटलेली बाई येते. माझी सवत चपट्या नाकाची, आखूड पायांची आणि घोरणारी आहे. तिचे जुने मालक परगावी राहायला गेले, तेव्हा आमच्या ह्यांनी तिला खांद्यावर टाकून घरी आणलं आणि म्हणाले, "चार दिवस राहील." त्या चार दिवसांचं वर्ष झालं. नाव तिचं छबी. आरशात बघितलं असतं तर तिलाही हसू आलं असतं.

थंडीत माझी काही तक्रार नव्हती. ती कोपऱ्यात पडून असायची, मी मशीनवर शिवत असायचे. पण उन्हाळा लागला आणि ह्यांच्या अंगात काय संचारलं देव जाणे.

हे बेकरीत भट्टी सांभाळतात. रात्रभर पाव भाजून उजाडायच्या आत घरी येतात. पूर्वी आल्या आल्या आडवे व्हायचे. आता आधी छबीला फिरवून आणायचं, कारण ऊन वर आलं की रस्ता तापतो. तरीही तिला खाली सोडण्याआधी हे वाकून हाताची पालथी बाजू डांबराला लावून बघतात. लोक हसतात, ह्यांना त्याचं काही नाही. माझ्याबरोबर बाजारात जायचं म्हटलं की मात्र चार पावलं पुढे चालतात.

घरी आल्यावर बाईसाहेबांची सरबराई. पोटाला, काखेत, पंजांना ओला हात फिरवायचा. अंगावरचे केस रोज विंचरायचे. एकदा मी कात्री घेऊन पुढे झाले, शिवणाऱ्या बाईचे हात ते, शिवशिवणारच. तर केवढ्याने ओरडले! "खबरदार! ते केस तिला उन्हापासून राखतात." पाण्याची भांडी दोन, दोन्ही सावलीत. दुपारी नळाला गच्चीवरच्या टाकीचं कढत पाणी येतं, म्हणून सकाळीच तिच्यासाठी मोरीत पिंप भरायचं. काकडीचे तुकडे गोठवून तिला चघळायला द्यायचे. गॅलरीचं दार दिवसभर बंद, कारण झळा आत येतात. आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन माझ्या मशीनजवळून उचलून खाली, तिच्या तोंडासमोर.

"तिला आपल्यासारखा घाम येत नाही गं," हे मला समजावायचे. "त्यातून नाक हे असं. तिने करायचं काय?"

मला घाम येतो, हा माझाच गुन्हा.

सगळ्यात जास्त जळायचे मी ते ह्यांच्या आवाजावर. दुपारी उठले की तिचा ओठ बोटाने वर करून हिरड्या बघायचे आणि म्हणायचे, "गुलाबी आहेत गं माझ्या सोनीच्या! बरं वाटतंय ना? वाटतंय हं." लोण्यासारखा आवाज. माझी दाढ ठणकत होती तेव्हा "लवंग धर" म्हणून ह्यांनी कूस बदलली होती. वीस वर्षं संसार केला आणि हा आवाज ह्या माणसाकडे आहे हे मला एका कुत्रीमुळे कळलं. मला दागिने नको होते, साड्या नको होत्या. एकदा, फक्त एकदा, त्या आवाजात माझ्याशी बोलावं एवढंच हवं होतं. पण मागून मिळालेलं काय कामाचं? म्हणून मी मशीनवर बसून डोळ्यांत तेल घालून बघायचे आणि मनातल्या मनात कोळसा व्हायचे.

त्या दिवशी हे जरा आडवे झाले होते, तेवढ्यात बेकरीतून निरोप आला. भट्टीवरचा दुसरा माणूस चक्कर येऊन पडला होता, लगेच या. हे अर्धवट झोपेत उठले, गॅलरीतल्या दोरीवरची टोपी ओढून आणली, गॅलरीच्या दाराला कडी घातली आणि निघून गेले. थोड्या वेळाने वीज गेली. माझं मशीन पायाचं, मी शाळेच्या गणवेशांची थप्पी उपसत राहिले. घरात कसं शांत वाटत होतं. घोरणं नाही, धापा नाहीत. आज बया गप्प आहे म्हणून मी खूश.

पाणी प्यायला उठले तर तिची दोन्ही भांडी काठोकाठ भरलेली. पलंगाखाली बघितलं, मोरीत बघितलं. मग गॅलरीच्या दाराकडे लक्ष गेलं.

दार उघडलं. वाळत घातलेल्या चादरीमागे छबी आडवी पडली होती. जीभ बाहेर, तोंडाला दाट फेस, डोळे कुठेतरी तिसरीकडेच. ह्यांच्या मागोमाग ती बाहेर आली असणार आणि ह्यांना ते दिसलं नसणार. खोटं कशाला बोलू, तेव्हाही माझ्या मनात पहिलं काय आलं? ही गेली तर हा माणूस धाय मोकलून रडेल, आणि मी गेले तर रडेल की नाही, सांगता येत नाही. हे मनात येईपर्यंत मी अनवाणीच धावत जाऊन तिला कवेत घेतलंही होतं. मैद्याच्या पोत्यासारखी जड झाली होती आणि तव्यासारखी तापली होती.

मोरीत नेऊन ठेवलं. नळाला हात लावला नाही, पिंपातलं पाणी घेतलं. आधी पोटावर, मग काखांत, मांड्यांच्या आत, पंजांवर. ओला टॉवेल पांघरायचा नाही, आत वाफ कोंडते. हे खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना सांगत होते तेव्हा मी दाराआडून ऐकलं होतं. वारा घालायला हवा होता आणि वीज नव्हती. मी सदऱ्याच्या मापाचा पुठ्ठा उचलला आणि एका हाताने पाणी, एका हाताने वारा, असं सुरू केलं. पाणी बळेच पाजायचं नाही, तोंडाशी धरायचं. ओठ वर करून बघितलं, हिरड्या विटेसारख्या लाल. ह्यांना फोन लावला तर तो बेकरीतल्या कपाटात वाजत राहिला.

मग मी जिन्यातून हाका मारल्या. मास्तरीणबाई किल्ल्या घेऊनच वर आल्या. त्यांच्या गाडीच्या सगळ्या काचा खाली करून आम्ही जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वाटभर मी तिच्यावर पाणी शिंपडत होते आणि म्हणत होते, "मरायचं नाही. माझ्या हातून तर मुळीच मरायचं नाही. कळलं का गं टवळे?"

डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, रक्त तपासलं, बराच वेळ ठेवून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "घरी न्या, आज रात्री लक्ष ठेवा. पाणी आधीच मारलंत म्हणून हाती लागली."

मास्तरीणबाईंनी खालीच सगळं सांगितलेलं, म्हणून हे संध्याकाळी धावतच वर आले. भुवयांनासुद्धा मैदा लागलेला. मी भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते आणि छबी माझ्या पायांशी पडली होती.

"गॅलरीत गेली कशी ही?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. उत्तर मी दुपारपासून तोंडात धरून ठेवलं होतं. "तुम्ही टोपी आणायला गेलात, ती मागून आली. कडी तुम्हीच लावलीत."

रोज भट्टीसमोर उभा राहणारा माणूस, पण चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं होतं, हे बोलून बरं वाटेल. थोडं वाटलंही. हे खाली बसले आणि हात पुढे करून म्हणाले, "ये गं. ये माझी सोनी."

छबीने शेपूट एकदा जमिनीवर आपटली. उठली नाही. उलट हनुवटी माझ्या नडगीवर ठेवून डोळे मिटले. हे तिच्याकडे बघेनात, माझ्याकडे बघायला लागले. ती नजर मी बरोब्बर ओळखली, उन्हाळाभर माझ्याच डोळ्यांत होती ती.

"काय करायचं ते तुला कसं कळलं?" ह्यांनी विचारलं.

"बघत होते ना. तुम्ही तिचा ओठ उचललात तरी मला दिसायचं. इथे छातीत आग व्हायची."

"आग? कशाबद्दल?"

"मला असं कधी कुणी विचारलं नाही, बरं वाटतंय का म्हणून."

ह्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "अगं, मग सांगायचंस. तू कधी बोललीसच नाहीस."

"ती बोलली होती?"

माझं होतं ते सगळं बोलून झालं होतं. तेवढ्यात छबी माझा तळवा चाटायला लागली आणि मी कळवळून पाय ओढून घेतला. हे पुढे वाकले. माझा पाय हातात घेऊन उजेडाकडे वळवला. तळवा लालबुंद झाला होता, टाचेला फोड आले होते. दुसराही तसाच.

"हे कधी झालं?"

"काय माहीत. गॅलरीत अनवाणी गेले होते." खरंच मला तोवर पत्ता नव्हता.

हे उठले. परातीत पाणी घेऊन आले, आपलं बोट बुडवून बघितलं, मग माझे दोन्ही पाय अलगद आत ठेवले. भट्टीने चटके देऊन देऊन ह्यांचे हात खरखरीत झालेत, पण ते माझ्या घोट्यावर किती हलके पडले होते. "झालं हं," हे म्हणाले. "आत्ता थंड वाटेल बघ. वाटतंय ना?"

आवाज तोच होता. मी मान हलवली.

छबीने डोळे उघडले. धडपडत पुढे सरकली आणि आपलं ते चपटं नाक ह्यांच्या हाताखाली खुपसायला लागली.

"सर गं बाजूला," मी तिला म्हटलं. "आज माझा नंबर आहे."