कुंकवाची चकती

जळकोटच्या गाळ्यात त्या दिवशी एकशे सदतीस मोबाइल स्टार्टर होते. एकशे नऊ निळे, अठ्ठावीस करडे. कडी तुटलेले सहा. आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेले अकरा, सिमकार्ड तसंच राहिलेले चार, आणि एकात पालीची दोन अंडी, त्यातलं एक फुटलेलं. सगळ्यांचं मिळून वजन तीनशे सत्त्याण्णव किलो सहाशे ग्रॅम.

मोबाइल स्टार्टर म्हणजे विहिरीवरच्या मोटारीजवळ भिंतीला टांगलेली पत्र्याची पेटी. घरून फोन लावला की ती मोटार चालू करते, पुन्हा लावला की बंद करते, आणि लाईट आहे की नाही ते चक्क बोलून सांगते. पूर्वी पेटी बिघडली की दुरुस्तीला जायची, नाहीतर भंगारवाल्याच्या गाड्यावर. आता ज्यानं वस्तू बनवून विकली त्यानंच तिच्या कचऱ्याची जबाबदारी घ्यायची, असा नियम आला आहे. त्यामुळं पुण्याच्या कंपनीनं योजना काढली होती: जुनी पेटी द्या, नवी सवलतीत न्या. धाराशिवात एम.एस्सी. झाल्यावर मी या कामाला लागले. पेट्या मोजायच्या, वजन करायचं, आतला बोर्ड पत्रा कापायच्या कात्रीनं मधोमध कापायचा, म्हणजे तो पुन्हा बाजारात जाणार नाही, आणि पोती भरायची. ट्रक गुरुवारी येणार होता. तो दिवस सोमवार होता.

गाळा चन्नम्माअक्कांचा. अर्धा त्यांनी कंपनीला भाड्यानं दिला होता, उरलेल्या अर्ध्यात त्या वीस वर्षं जळालेल्या मोटारींत नवी तार भरतात आणि स्टार्टर दुरुस्त करतात. जूनमध्ये त्यांच्याकडे दुरुस्तीला बावीस पेट्या आल्या होत्या. योजना सुरू झाल्यावर जुलैमध्ये तीन. ऑगस्ट निम्मा सरला तरी एक.

"ती एक बी माझ्या मावसभावाची," त्या म्हणाल्या. "त्याला लाज वाटली म्हणून आणली."

मी पहिला बोर्ड कात्रीत धरला. त्यांनी मोटारीत तार भरता भरता मान वर केली.

"काय झालं व्हतं त्याला?"

"माहीत नाही, अक्का. सगळेच कापायचेत."

"तुमच्या कॉलेजात असंच शिकिवत्यात का? जीव हाय का न्हाय ते न बघता सरणावर?"

मी कात्री खाली ठेवली. त्या उठल्या, हात लुगड्याला पुसले आणि एकेक पेटी उघडून नाकाशी धरायला लागल्या. भाजी निवडावी तशा दोन रांगा पडत गेल्या. जळालेल्याचा वास आला की डावीकडं, नाही आला की उजवीकडं. दुपारी दोनपर्यंत डावीकडं अडतीस झाल्या. मी त्या अडतीसही उघडून पाहिल्या. एकही चुकीची नव्हती.

उजवीकडच्या नव्व्याण्णव पेट्यांपैकी पहिलीचा बोर्ड मी भिंगाखाली धरला. तांब्याच्या रेघांवर तांबडा-पिवळा थर होता आणि त्यात तांदळाचा एक दाणा चिकटला होता. मी बोर्डावर तोंडानं वाफ सोडली आणि दोन रेघांमधला रोध मोजला. अडतीस किलोओहम. मग माझ्याकडच्या कोऱ्या बोर्डावर तसंच केलं. मीटरची पट्टी वीस मेगाओहमला संपते, आकडा त्याच्याही पुढं होता, म्हणजे वीज झिरपत होती ती त्या थरातूनच.

"अक्का, हे कुंकू आहे."

"व्हय की. आणि काय असणार?"

तेवढ्यात जळकोटच्याच शिवारातले दगडोबा आपली पेटी घेऊन योजनेत द्यायला आले. अक्कांनी त्यांना पोत्यावर बसवलं आणि सरळ विचारलं.

"खंडेनवमीला कुंकू कुठं लावता हो याला?"

"आत."

"आत कुठं?"

"त्या हिरव्या पाटीला. काम ती करतीया. पत्र्याला लावून काय करायचं? पत्रा काय मोटार चालू करतोय?"

"आन् नारळाचं पाणी?"

"चार थेंब. जास्त न्हाय, करंट असतोय की. बंद करून शिंपडतो."

"मग बंद कधी पडली?" मी विचारलं.

"दिवाळीच्या अलीकडं. देवाची मर्जी म्हणायची."

"देवाला कशाला मदी घेता?" अक्का म्हणाल्या. "नारळ तुमी फोडला."

दगडोबा हसले, पण पेटीकडं जरा अपराध्यासारखं बघून. खंडेनवमीला नांगरापासून विळ्यापर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा होते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. आमच्या घरी माझ्या कॅलक्युलेटरलाही टिळा लागायचा. पण नारळाच्या पाण्यात क्षार असतात, ओल्या कुंकवातून वीज झिरपते आणि तांबं हळूहळू खाल्लं जातं, ही साखळी मी कधी जोडली नव्हती.

मी पुण्याला रामलिंग सरांना फोन केला. ते आमच्या भागाचे इंजिनिअर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे ग्राहकाची चूक," ते म्हणाले. "आपण कचऱ्याला जबाबदार आहोत, पूजेला नाही. काप."

मी कापले नाहीत. मला आधी आकडे हवे होते. मंगळवारी सकाळपासून मी सगळ्या पेट्या पुन्हा उघडत गेले आणि दगडोबांची वेगळी ठेवली, कारण ती मूळ मोजणीत नव्हती. तोपर्यंत मी फक्त बोर्डच बघत होते; दुपारी मला झाकणांच्या आतल्या बाजूला काहीतरी दिसलं. जुन्या रुपयाएवढी ॲल्युमिनियमची गोल चकती, रिबिट मारून बसवलेली. चकतीवर कुंकू, एकावर एक बोटांचे ठसे. आणि बोर्ड कोरा. अशी झाकणं तेवीस निघाली. त्यातल्या एकाही बोर्डावर कुंकवाचा कण नव्हता.

"ही कुणी बसवली?"

"म्याच."

त्यांनी ते ज्या सुरात सांगितलं, त्याच सुरात त्या चहात साखर कमी आहे म्हणाल्या असत्या. दर वर्षी दसऱ्यानंतर त्यांच्या दुकानात पेट्यांची रांग लागायची. सहा-सात वर्षं त्यांनी थिनर आणि जुना दातांचा ब्रश घेऊन कुंकू धुतलं. पहिल्यांदा लोकांना सांगून पाहिलं, आत लावू नका. लोक हो म्हणायचे आणि नवमीला आतच लावायचे.

"मग म्या सांगणं सोडलं," अक्का म्हणाल्या. "देवाला नको म्हणणारी मी कोण? बायका झाकण उघडत्यात, हात पुढं करत्यात. तवा बोटाच्या समोर पयल्यांदा चकतीच दिसली पायजे. चकचकीत असली की बोट तिकडंच जातंय. कुणाला काय सांगावं लागत न्हाय."

चकती त्या जळालेल्या मोटारींच्या नावाच्या पट्टीतून पाडायच्या. मोटार भंगारात गेली तरी पट्टी त्या काढून ठेवत. कामात येईल असं काही टाकायचं त्यांच्या हाताला माहीत नव्हतं.

पाच वर्षं मी प्रयोगशाळेत घालवली. निरीक्षण करा, कारण शोधा, एकच गोष्ट बदला, पुन्हा निरीक्षण करा, हे माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असायचं. अक्का सातवी शिकलेल्या आहेत. त्यांनी ते लिहिलं नव्हतं, एवढाच फरक मला दिसला.

बुधवारी रामलिंग सर स्वतःच आले. ट्रकच्या आदल्या दिवशी बोर्ड कापलेले नाहीत हे त्यांना आवडलं नव्हतं. मी तक्ता पुढं केला. जळालेल्या अडतीस, त्यात चकतीच्या सतरा. इतर बिघाड सव्वीस, त्यात चकतीच्या सहा. कुंकवानं बंद पडलेल्या त्र्याहत्तर, त्यात चकतीची एकही नाही.

सरांनी तक्ता दोनदा वाचला. "तू मेलेल्यांचीच मोजणी केलीस," ते म्हणाले. "चकतीवाल्या एकूण किती? तेवीसच बसवल्या असतील आणि तेवीसही बंद पडल्या असतील, तर चकतीचा उपयोग काय?"

बरोबर होतं. मी अक्कांकडं पाहिलं. "एकूण किती बसवल्या, काही नोंद आहे?"

"नोंद कशाची? हाताला आली की बसवली."

सर तक्ता घडी करायला लागले. माझी नजर छताखालच्या तारेकडं गेली. तारेवर कापडं वाळत घालावीत तशा मोटारींच्या पट्ट्या ओवलेल्या होत्या, प्रत्येकीला गोल भोकं पाडलेली.

"अक्का, त्या पट्ट्या?"

"उरलेला पत्रा हाय. वायसरला लागतोय कवातरी."

"वायसर केलेत का त्यातून?"

"आजून न्हाय."

मी शिडी लावली. भोकं मोजली, सरांना खालून पुन्हा मोजायला लावली. दोघांचाही आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी आला. सरांनी कंपनीच्या यादीतून या भागात विकलेल्या पेट्या काढल्या: चारशे बारा. म्हणजे चकतीच्या एकशे अठ्ठ्याऐंशींपैकी तेवीस परत आल्या होत्या, आणि बिनचकतीच्या दोनशे चोवीसपैकी एकशे चौदा.

सरांनी चारही आकडे तक्त्याच्या पाठीवर लिहिले. ते मूळचे इथून जवळच्या सास्तूरचे, हे मला तेव्हाच कळलं, कारण अक्कांनी विचारलं, "साहेब, तुमच्या सास्तूरच्या घरी कुठं लावतेत कुंकू?"

"आमच्या घरी इंजिनिअर आहे," सर म्हणाले. तरी त्यांनी आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आई, विहिरीवरच्या पेटीला नवमीला कुंकू लावतीस ना? कुठं लावतीस?"

"आत लावते की," कस्तुराबाईंचा आवाज आला. "तूच केलेलं यंत्र हाय. बाहीर लावलं तर पावसानं जातंय. का रं? पुन्हा बंद पडलं का म्हणून इचारतोस व्हय? मागल्या साली बी दिवाळीत पडलं तवा तू म्हणलास, लाईटचा दोष हाय."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. सरांनी फोन ठेवला.

"चकती बसवायला किती वेळ लागतो?" त्यांनी विचारलं.

"पेटी धुवून, वाळवून, चकती मारून, पाऊण तास."

मग त्यांनी अट सांगितली आणि मी ती वहीत लिहून घेतली. अडतीस जळालेल्या आणि सव्वीस इतर गुरुवारच्या ट्रकनं जातील. त्र्याहत्तर कापायच्या नाहीत. अक्कांनी त्या धुवायच्या, चकती बसवायची, आणि कंपनीनं त्या गरजू शेतकऱ्यांच्या विहिरींवर लावून द्यायच्या. दसऱ्यानंतर साठाव्या दिवशी त्यातल्या किमान पासष्ट चालू असल्या, तर कंपनीचं दुरुस्ती केंद्र याच गाळ्यात, चन्नम्मांच्या नावानं. नसल्या, तर पुढची प्रत्येक पेटी सरळ ट्रकमध्ये.

"आन् माझं दुकान?" अक्का म्हणाल्या.

"पेट्या ट्रकमध्ये गेल्या तर दुरुस्तीला काय येणार?" सर म्हणाले. ते खरं बोलत होते, म्हणून वाईट वाटलं नाही.

आम्ही साडेतीन आठवडे धुतल्या. मला ब्रशनं घासायची परवानगी मिळाली, कथलाचा डाग द्यायची नाही. सोळाव्या पेटीला अक्कांनी मोटारीचं व्हार्निश उघडलं. "बोर्डावर एक हात मारू का? पाणी शिरायचंच न्हाय."

"नको, अक्का. मग पेटी चकतीनं वाचली का व्हार्निशनं, ते कळणार नाही."

"तुझ्या कळण्यापायी माझी पेटी मरायची."

पण त्यांनी डबा बंद केला. दुपारी त्या डब्यापाशी दोनदा थांबल्या, पण उघडला नाही. शेवटची पेटी झाल्यावर प्रत्येकीत त्यांनी आपला नंबर दुसरा मालक म्हणून घातला. दुरुस्ती झाली की त्या नेहमीच तसं करतात, म्हणजे मोटार चालू न करता पेटी बरी आहे का ते इथूनच विचारता येतं. पूजेबद्दल आम्ही कुणालाच काही सांगितलं नाही. ती सरांची अट नव्हती, अक्कांची होती.

दसरा झाला. त्यानंतर साठाव्या दिवशी, डिसेंबरात, सर सकाळीच पुण्याहून आले. अक्कांनी गाळ्यापुढं झाडून सतरंजी टाकली होती. यादी माझ्याकडं, फोन अक्कांकडं, पेन सरांकडं. पहिला फोन लागला आणि पलीकडून पेटीचा बाईसारखा आवाज आला: लाईट आहे, मोटार बंद आहे. अक्का तिला म्हणाल्या, "बरं बाई," आणि पुढचा नंबर फिरवला.

तिसाव्या फोनपर्यंत त्या प्रत्येक पेटीला बरं बाई म्हणत होत्या. त्यानंतर त्यांनी ते सोडलं आणि नुसती मान हलवायला लागल्या. एकेचाळिसाव्याला घंटी वाजतच राहिली. सरांनी फुली मारली. एकोणपन्नासाव्यालाही तसंच. त्रेसष्टावा नंबर रेंजच्या बाहेर होता. अक्कांनी फोन खाली ठेवला, पाणी प्यायल्या, पुन्हा उचलला.

शेवटचा फोन अकरा वाजून दहा मिनिटांनी झाला. त्र्याहत्तरपैकी सत्तर पेट्यांनी उत्तर दिलं; अट पासष्टची होती.