दाजींची उजवी बाजू

बजरंगनं चेंडू पायाशी घेतला, मान वर केली, समोर एकटा आर्नेल उभा आहे हे पाहिलं आणि चेंडू मागे, आपल्याच माणसाला देऊन टाकला.

रेषेबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या शलमोन गायकवाड सरांनी कपाळावर हात मारून घेतला. समोर एकच बॅक आणि त्याच्या मागे गोल, असं ताट वाढून ठेवलेलं असताना कुठलाही फॉरवर्ड मागे बघत नाही. बजरंग तर नाहीच नाही. घोडेगावच्या बाजारात बापाबरोबर जनावरांचा व्यापार करणारा हा गडी मैदानात उतरला की उधळलेल्या खोंडासारखा सुटायचा. आज मात्र कुणाच्या तरी सारवलेल्या अंगणात आल्यासारखा जपून पावलं टाकत होता.

एकटा बजरंगच नव्हे, त्याची अख्खी टीम तशीच खेळत होती. चेंडू डावीकडे जात होता, मधून जात होता, पण आर्नेलच्या वाटेला कुणी जात नव्हतं. चुकून कुणी समोर आलाच, तर हसून बाजूला व्हायचा. नगरमध्ये एका घरचा जावई तो सगळ्या वस्तीचा जावई. त्यात हा थेट फिलिपिन्सहून नाताळाला आलेला. आठ दिवसांत चर्चच्या मागच्या सगळ्या घरांतून त्याला करंज्या गेल्या होत्या आणि पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्याला दाजी म्हणू लागले होते. आता दाजींना धक्का मारायचा कुणी?

आणि नेमका धक्काच हवा होता.

आर्नेल इलोइलोकडच्या एका खेड्यातला. तिकडे पोरं चालायला लागली की फुटबॉलच खेळतात म्हणे. तिथून तो मनिलाच्या क्लबात गेला, मग थायलंडला आणि पुढे देशाच्या टीममध्ये. दोहाला सामना खेळताना डोकं फुटलं, टाके घालायला इस्पितळात नेलं, तिथे नर्स होती शलमोन सरांची लेक जेनिफर. तिनं जेव्हा फोनवर सांगितलं की मुलगा फुटबॉलपटू आहे, तेव्हा शलमोन खुर्चीतून उठून उभे राहिले होते. मिशनच्या शाळेत आयुष्यभर पीटी शिकवलेला आणि तरुणपणी नगरच्या प्रत्येक मैदानावर गोल मारलेला माणूस तो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कुठल्या जागेवर खेळतो. बॅक, म्हटल्यावर जरा हिरमुसले. गोल न मारणारा फुटबॉलपटू त्यांना मीठ नसलेल्या रश्श्यासारखा वाटायचा.

मग त्यांनी मोबाईलवर त्याचे सामने पाहिले आणि पाहतच राहिले. जावई आडवा पडत नव्हता, आरडाओरडा करत नव्हता. समोरचा जिथे जाणार तिथे हा आधीच जाऊन उभा. मोठमोठे फॉरवर्ड त्याच्यापाशी येऊन वाट विसरल्यासारखे थांबायचे. असा बॅक आपल्या वेळी समोर असता तर आपले निम्मे गोल झालेच नसते, हे शलमोननी बायकोजवळ, लिडियाबाईंजवळ, कबूल केलं. त्यांच्या तोंडून असलं काही ऐकायची त्या बाईंची ही पहिलीच वेळ होती.

मागच्या वर्षी आर्नेलचा उजवा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, महिनोन्महिने व्यायाम झाले, डॉक्टरांनी पाठ थोपटली. क्लब आणखी एक मोसम घ्यायला तयार होता. सोमवारी होकार किंवा नकार कळवायचा होता.

"गुडघा उत्तम आहे," आर्नेल सगळ्यांना सांगायचा. त्याचं इंग्रजी शांत, ठाम. "फक्त एक खरा सामना हवा."

जेनिफरनं बापाला स्वयंपाकघरात गाठून वेगळं सांगितलं होतं.

"पप्पा, तो म्हणतो तसंच असेल तर चांगलंच आहे. पण नसेल तर पुन्हा तो गुडघा फाटेल, आणि मग चालायचीही पंचाईत. मला खरं काय ते कळायला हवं."

म्हणून हा सामना. शलमोननी शब्द टाकून दोन टीम जमवल्या होत्या, मैदान पाणी मारून घेतलं होतं. आणि इथे सगळं गाव पाहुणचार करत बसलं होतं.

हाफटाइमला ते तडक बजरंगपाशी गेले.

"काय चाललंय तुझं?"

"काय सर?"

"समोर गोल सोडून मागं पास देतोस."

बजरंगनं पाण्याची बाटली खाली ठेवली. "सर, दाजी हायेत ते. लागलं-बिगलं म्हंजे?"

"लागू दे. त्याला खरा खेळ हवाय."

"तुमी म्हनताय, पर लोक काय म्हंतील? जावई नाताळाला आला आन् या भाड्यांनी त्याचं तंगडं मोडलं."

"बाजारात बैल घेतोस, तो नुसता बघून घेतोस का?"

"न्हाई. गाडीला जुपून, चाक बांधून वढाय लावतो."

"मग?"

बजरंग खरोखरच विचारात पडला. "पर सर, बैल आन् जावई एक कसं हुईल?"

"सोडू नकोस त्याला," एवढंच शलमोन म्हणाले. बजरंगनं गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, की आता सोडत न्हाई. आणि खेळ सुरू झाल्यावर तो खरंच आर्नेलच्या दिशेनं सुटला. चार हातांवर आला आणि लांबूनच चेंडू हाणला. तो भिंतीपलीकडे गेला. आर्नेलनं त्याच्याकडे पाहून अंगठा वर केला. बजरंग लाजला.

शलमोन खुर्चीतून उठले. त्यांनी स्वेटर काढून लिडियाबाईंच्या मांडीवर टाकला आणि बजरंगच्या टीममधल्या ओमला हाक मारली.

"तुझा शर्ट दे."

"कुणाला सर?"

"मला."

"अहो, शुद्धीवर आहात का?" लिडियाबाई म्हणाल्या. "जावयाच्या विरुद्ध खेळणार? या वयात?"

शलमोन घामेजलेला शर्ट डोक्यातून घालत होते. पोटापाशी तो अडला, त्यांनी खाली ओढला. मंडळी हसायला लागली. जेनिफर तेवढी हसली नाही. हाताची घडी घालून ती रेषेवर उभी होती. ते शेजारून जाताना ती हळूच म्हणाली,

"पप्पा, त्याच्या उजव्या बाजूनं जा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती मैदानाकडे बघत होती.

पहिल्यांदा चेंडू आला तेव्हा त्यांना तो पायाखाली धरायलाच वेळ लागला. तरी ते गेले, सवयीनं त्याच्या डावीकडून. आर्नेलनं डावा पाय पुढे केला आणि टेबलावरचं घड्याळ उचलावं तसा चेंडू उचलून नेला. शलमोन दोन पावलं रिकामेच पळाले. सगळं मैदान हसलं. त्यांनाही हसू आलं, आणि बरं वाटलं, फार बरं वाटलं. पोरगा दयामाया दाखवत नव्हता. बजरंगला जे कळलं नव्हतं ते याला कळलं होतं.

मग बजरंगनंच मधून त्यांना चेंडू दिला, अगदी पायावर, गुरुदक्षिणा दिल्यासारखा. समोर आर्नेल. शलमोन त्याच्या उजव्या बाजूला वळले. श्वास फुलला होता, पोटऱ्या भरून आल्या होत्या, पण चेंडू पायाला चिकटला होता. त्यांनी उजवा खांदा टाकला. चाळीस वर्षांपूर्वी या खांद्यानं भलेभले फसवले होते. आर्नेल फसला नाही. त्याची नजर खांद्यावर गेलीच नाही, ती आधीच पलीकडे, जिथे शलमोन जाणार होते तिथे पोचली होती. त्याचं डोकं वळलं, छाती वळली.

पाय वळला नाही.

शलमोन त्याच्या शेजारून निघून गेले. पुढे गोली सॅम इतका चकित झाला होता की त्यांनी मारलेला चेंडू त्याच्या हाताजवळून घरंगळत आत गेला, तरी तो सरांकडेच बघत राहिला.

मैदानावर एकच गलका झाला. शिट्ट्या वाजल्या. कुणीतरी ओरडलं, जावयानं मान राखला, आणि मग सगळेच तेच म्हणू लागले. लिडियाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. शलमोनना अतोनात आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. त्या आनंदातच ते मागे वळले.

आर्नेल होता तिथेच उभा होता. वाकलेला नाही, गुडघ्यावर हात नाही. सरळ, ताठ, त्यांच्याकडे बघत. शलमोन त्याच्यापाशी गेले.

"तू मला सोडलंस?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"नाही, पप्पा."

"मी कुठून जाणार, ते कळलं नव्हतं?"

"तुम्ही खांदा टाकायच्या आधीच कळलं होतं." तो हसला. चांगलं हसला. "मी कुणाला असा जाऊ देत नाही. तुम्हालाही दिलं नसतं."

त्यानं मान खाली घालून उजव्या पायाकडे पाहिलं, जुन्या मित्राकडे पाहावं तसं, आणि पुन्हा वर केली. शलमोननी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात बजरंग धावत आला.

"सर, दाजींनी सासऱ्याचा मान ठेवला बरं का. लई मोठ्या मनाचा मानूस हाय."

शलमोननी आर्नेलकडे पाहिलं. मान हा शब्द आठ दिवसांत त्याच्या कानावर इतक्यांदा पडला होता की त्याला तो पुरता कळत होता. त्यानं डोळ्यांनीच, असू द्या, म्हटलं.

"मग?" शलमोन मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सासऱ्याला अडवायची कुणाची छाती आहे?"

लोक हसले. खेळ पुन्हा सुरू झाला.

सरांनीच मुहूर्त केल्यावर बजरंगची भीड चेपली. चेंडू मिळाल्या मिळाल्या तो सुटला, या वेळी खराखुरा, मान खाली घालून, धूळ उडवत. थेट आर्नेलवर. शलमोनना त्याला थांबवावंसं वाटलं. हाक तोंडापर्यंत आली, पण आता उशीर झाला होता.

आर्नेल या वेळी वळायला थांबला नाही. बजरंगनं चेंडू जरा लांब ढकलला, आणि तो ढकलण्याआधीच आर्नेल एक पाऊल पुढे आला होता. डावा पाय, आडवा, जमिनीलगत. चेंडूचा तेवढा आवाज झाला. बजरंग त्याच्यावरून उडून धुळीत पालथा पडला.

रेषेवरचे दोघे-तिघे आत धावले. मग बजरंगच उठून बसला. कोपर खरचटलं होतं, तोंडात माती गेली होती आणि चेहरा उजळला होता.

"सर," तो म्हणाला, "हे काय मान देनं न्हवतं."

"नाही," शलमोन म्हणाले. "हा खेळ होता त्याचा."

टाळ्या सुरू झाल्या. आर्नेलनं बजरंगला हात देऊन उभं केलं, त्याच्या पाठीवरची धूळ झटकली आणि चेंडू सॅमकडे सारून तो सावकाश रेषेकडे चालू लागला. खेळ अजून बराच बाकी होता. तो रेषेवर जेनिफरच्या पायाशी बसला आणि उजव्या बुटाची नाडी सोडू लागला. ती त्याच्या शेजारी मातीत बसली. त्यानं काढलेला बूट तिनं हातात घेतला, मग दुसरा घेतला, आणि दोन्ही तसेच मातीसकट मांडीवर ठेवले.

लिडियाबाई लगबगीनं थर्मास घेऊन आल्या.

"दमले का गं जावई?"

"नाही, आई," जेनिफर म्हणाली. "खेळून झालं त्याचं."