वरचा चौकोन

आमचा मुलगा वेबसाइटची पानं बनवतो आणि दूर राहतो. बायकोचे पाय गेले तेव्हापासून त्याचं एकच टुमणं होतं, "बाबा, आईला संस्थेत ठेवू या." मी म्हटलं, माझी हाडं उभी आहेत तोवर ती या घरातून हलणार नाही. मग त्याने माझ्या मोबाइलवर एक पान करून दिलं. वर आईचं नाव, खाली माझं, प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन. सकाळी नावावर बोट ठेवायचं, की चौकोनात टिक येते. टिक आली म्हणजे माणूस ठीक. नाही आली, तर हा फोन करणार, आणि म्हातारा थकला असं वाटलं की आईला घेऊन जाणार.

मला बारीक दिसत नाही म्हणून त्याने एकदा अक्षरं मोठी करून दिली. दुसऱ्या सकाळी मी माझ्या नावावर बोट ठेवलं, तर टिक पडली वरच्या, तिच्या चौकोनात. माझा रिकामाच. फोन केला.

"दोन्ही चौकोनांना आतून एकच आयडी, म्हणजे एकच ओळख पडलीय, बाबा. म्हणून तुमचं नाव वरच्या चौकोनालाच धरतंय. चूक माझी."

"जगाची पानं बांधतोस आणि बापाचे दोन चौकोन धड जमेनात?"

तो हसला. लगेच दुरुस्त केलं म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी तेच. मी पुन्हा फोन लावणार, तेवढ्यात आतून बायको म्हणाली, "अहो, अंगठ्याला मुंग्या येताहेत." जाऊन बघतो तर त्या वाळक्या लाकडासारख्या पायाचा अंगठा खरंच हलत होता.

मी फोन खाली ठेवला. मुलगा रोज फोन करून विचारायचा, "तुमची टिक येत नाही?" मी म्हणायचो, "बोट चुकलं असेल. आवाज ऐकतोयस ना बापाचा? मग!"

आणि रोज आपल्याच नावावर बोट ठेवत गेलो. ती उठून बसली, भिंत धरून उभी राहिली, एक दिवस स्वयंपाकघरात जाऊन स्वतः चहा करून आली. इकडे माझा डावा पाय जड झाला, मग उजवा. कळत नव्हतं असं नाही. पण बायको चालतेय म्हटल्यावर असले हिशेब कोण मांडतो?

काल मला पलंगावरून उतरताच येईना. मोबाइल तीच घेऊन आली.

"अगं, आज तू तुझ्या नावावर बोट ठेव," मी म्हटलं. "बघू कुठे पडते."

ती पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने बोट ठेवलं, माझ्या नावावर.

"रोजच्यासारखं," ती म्हणाली. मी तिला कधी काही सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळाने मुलाचा फोन आला. तो घेऊन ती बाहेरच्या खोलीत गेली.

"ते उठत नाहीत रे आता. माझ्या एकटीच्याने नाही होत. ती संस्था म्हणत होतास ना, तिथे जागा आहे का बघ."

मी हाक मारली. ती आली, मायेने हसली, पांघरूण माझ्या पायांवर नीट ओढलं. मला ते जाणवलं नाही, नुसतं दिसलं. मग ती वळून चालायला लागली. तिच्या पायांत माझ्या चपला होत्या, आणि त्या तिला अगदी मापात बसल्या होत्या.