कार्यशाळेतलं गाऱ्हाणं

सत्यवतीने फोन परडीत टाकला नाही. सगळ्यांचे फोन गोळा करत परडी फिरवणारा शिपाई भिकाजी तिच्यापुढे दोनदा थांबला. तिसऱ्यांदा साहेबांनीच मान वर करून पाहिलं, तेव्हा कुठे तिने तो टाकला, तोही उताणा, म्हणजे वाजला तर नाव तरी दिसेल.

‘तणावाला सामोरे जाताना’ असं मंचामागच्या कापडावर लिहिलं होतं. बालसंरक्षणाचं काम करणारी बावीस माणसं मनःशांतीसाठी सावंतवाडीच्या त्या सभागृहात सक्तीने आणली होती. जो येणार नाही त्याने लेखी खुलासा द्यायचा.

सकाळी साडेनऊला इन्सुलीच्या आतल्या एका वाडीतून शाळेच्या बाईंचा कार्यालयात फोन आला होता. सातवीतली समीक्षा. मामा तिला दोन वाजता गोव्याला नेणार होता, कुठल्याशा बंगल्यात धुणंभांडी करायला. फोन आधी भिकाजीनेच घेतला होता. सत्यवती तशीच साहेबांकडे धावली. मुलीला सोबत आणायची वेळ आली तर कार्यालयाची गाडी लागते, नाहीतर मूल पळवल्याची तक्रार उलट आपल्यावरच. गेल्या वर्षी ती झालीही होती.

“गाडी आज पाहुण्यांसाठी आहे,” साहेब म्हणाले होते. “दुपारी त्यांना राजवाडा दाखवायचाय, लाकडी खेळणी घ्यायचीत. तुम्ही उद्या जा ना.”

उद्या! उद्या ती पोर कुणाच्या मोरीत बसलेली असेल हे साहेबांना कळत नव्हतं थोडंच. सगळं कळत होतं, म्हणून तर सत्यवतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

पुण्याहून आलेले निलेश सर बोलायला लागले. माणूस सरळ होता, आणि बोलत होता तेही खरं होतं. माणूस आजारी का पडतो एवढंच विचारू नका, म्हणाले, इतक्या धबडग्यात तो धडधाकट राहतो कसा ते विचारा. त्याला तीन गोष्टी लागतात. समोर काय चाललंय ते उमगायला हवं. ते निभावायला साधन हवं. आणि त्यासाठी झटण्यात अर्थ वाटायला हवा.

सत्यवतीने वहीत तिन्ही मुद्दे उतरवून घेतले. पहिल्यापुढे बरोबरची खूण केली, तिसऱ्यापुढेही केली. दुसऱ्यापाशी पेन अडलं. साधन खिडकीतून दिसत होतं. पाहुण्यांच्या स्वागताची झेंडूची माळ पुढे बांधून सावलीत उभं होतं. साहेब पहिल्या रांगेत मान डोलावत होते.

“तुमच्याकडे माणसं एकत्र येऊन बळ मिळवतात, असं काही आहे का?” सरांनी विचारलं.

“गाऱ्हाणा आसा!” मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

होडी पाण्यात लोटायची असो की लग्नाचा मांडव घालायचा असो, इथे आधी एकाने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. एकदा भरलेला होकार कुणी फिरवत नाही. भिकाजी गावचा मानकरी, त्यामुळे सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. साहेबही मूळचे इकडचेच, जामसंड्याचे. त्यांनी हात जोडून डोळे मिटलेसुद्धा.

भिकाजीने घसा खाकरला. सत्यवतीकडे पाहिलं. मग परडी खाली ठेवली.

“माझो गळो बसलो हा. तूच घाल गो बाय.”

बाईने गाऱ्हाणं घालायची रीत नाही. सत्यवती उठली.

“बा देवा म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“आज तुझी लेकरां हंय ताण घालवूक जमली हत. पण शाळेतला एक चेडू इन्सुलीक पिशवी भरून बसला हा. तेका दोन वाजता लोकांची भांडी घासूक नेतले रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” आवाज जरा बुजला, पण आला.

“आमका काम समाजता. करूचा आसा ता पण समाजता. फक्त जावक गाडी नाय. गाडी भायर माळ घालून उभी आसा. जेच्या हातात तिची चावी आसा, तेका ती आत्ताच्या आत्ता देवची बुद्धी दी रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

सगळ्यांत खणखणीत आवाज साहेबांचा होता. लहानपणापासूनची सवय. मग त्यांनी डोळे उघडले. बावीस माणसं त्यांच्याकडे बघत होती.

“मी राजवाड्यात चालत जाईन,” निलेश सर हळूच म्हणाले.

साहेबांनी खिशात हात घातला. तोवर भिकाजीने परडीतला फोन काढून सत्यवतीपुढे धरला होता.

वाडीत गाडी पोचली तेव्हा पावणेदोन वाजले होते. समीक्षा पायरीवर बसली होती, केसांना तेल चोपडलेलं, मांडीवर शाळेचं दप्तर. दप्तरात कपडे होते. मामाने आवाज चढवला, आई पदर तोंडाला लावून रडली. सत्यवतीने कायदा सांगितला आणि बालकल्याण समितीपुढे हजर राहायच्या कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या. मामा पाय आपटत एकटाच गेला.

सत्यवती गाडीत बसली तोच साहेबांचा निरोप आला. गाडी चारच्या आत परत हवी. यापुढे गाडीची मागणी लेखी, तीन दिवस आधी. आजच्या वर्तनाचा खुलासा उद्या टेबलावर.

समीक्षा काचेपाशी येऊन उभी राहिली.

“बाई, मामा परवा परत येतलो. तुमी येतलास?”

सत्यवतीने निरोप पुन्हा एकदा वाचला, फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

“होय,” ती म्हणाली.