ऑस्टबींच्या विहिरीचा लाल ठिपका

अमेरिकेत डकोटातल्या आमच्या शाळेत एकच खोली होती, एकच शेगडी आणि त्या वर्षी अकरा घरांतली अकरा मुलं. पहिलीपासून आठवीपर्यंत सगळ्यांची बाई मीच. दर वर्षी बर्फ वितळला की काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याकडून निर्जंतुक बाटल्यांचं खोकं यायचं. मुलांनी आपापल्या विहिरीचं पाणी भरून आणायचं आणि काउंटीने ते फुकट तपासून द्यायचं, अशी पद्धत. दुसऱ्या शाळा बाटल्या गोळा करून पाठवत आणि मोकळ्या होत. मला त्यात धडा दिसला.

मी भिंतीवर आमच्या भागाचा नकाशा काढून लावला. पाणी चांगलं निघालं तर त्या घरापाशी निळा ठिपका, जंतू सापडले तर लाल. जमिनीखालून पाणी कुठून कुठे जातं, गोठ्याची घाण किती लांब झिरपते, हे मुलांना पुस्तकातून कधी कळलं नसतं. नकाशाला खिळे ठोकताना मी खुशीत होते, हे कबूल करते.

बाटल्या वाटल्या त्या दिवशी पाचवीतली मार्लिस ऑस्टबी माझ्या टेबलापाशी आली आणि हळूच विचारू लागली, की घरात भरून ठेवलेलं पाणी चालेल का. शंका एकाने विचारली तरी उत्तर सगळ्यांना द्यावं, अशी माझी सवय. मी मोठ्यांदा म्हणाले, "स्वतःच्या विहिरीचंच पाहिजे. दुसरीकडचं आणलं तर ती कॉपी झाली."

वर्ग हसला. मार्लिसही हसली आणि बाटली घेऊन जागेवर गेली.

पंधरा दिवसांनी कागद आले. दहा घरं निळी, एक लाल. प्रत्येकाने आपला ठिपका आपल्या हाताने लावायचा असं ठरलं होतं, म्हणून मार्लिसचा लाल ठिपका तिनेच लावला. मग मी वर्गाला विचारलं, असं का झालं असेल? मुलांना भारीच उत्साह. विहिरीजवळ गोठा असेल, झाकण फुटलं असेल, आत उंदीर मेला असेल. मी एकेक कारण फळ्यावर लिहीत गेले आणि मार्लिसने ती सगळी वळणदार अक्षरात वहीत उतरवून घेतली. चांगला तास झाला असं मला वाटलं.

त्या शनिवारी गावच्या सभागृहात कॉफीचा कार्यक्रम होता. मार्लिसची आई वर्ना नेहमीप्रमाणे रुबार्बच्या आंबटगोड वड्या घेऊन आली. एरवी तिचं ताट पहिल्यांदा रिकामं व्हायचं. पण लाल ठिपक्याची बातमी मुलांनी घरोघरी नेली होती; त्या दिवशी बायका दुसऱ्याच ताटांकडे वळत होत्या. शेवटी ग्लॅडिस टॉर्विकने विचारलंच, "वर्ना, वड्यांत पाणी किती घालतेस गं?"

"वड्यांत लोणी घालते, ग्लॅडिस," वर्ना म्हणाली. "पाणी घालायचं काम तुझं, कॉफीत."

सगळे खळखळून हसले, पण वडी कुणी उचलली नाही. पोट भरलंय असं मी स्वतःला सांगितलं आणि मीही उचलली नाही. वर्ना भरलेलं ताट फडक्याने झाकून घेऊन गेली. तिच्यासाठी मार्लिस दोन्ही हातांनी दार धरून उभी होती.

लाल ठिपका लागला की काउंटीचा माणूस विहिरीत औषध टाकायला जातो. तो माणूस, लाइल ब्रेक्के, माझाच जुना विद्यार्थी. ऑस्टबींकडून निघाला तो थेट शाळेत आला आणि मुलं घरी जाईपर्यंत गाडीत बसून राहिला. मग आत येऊन त्याने दार लावलं.

ऑस्टबींची विहीर गेल्या उन्हाळ्यातच आटली होती. तळाशी वीतभर गढूळ पाणी, त्यात पालापाचोळा. काउंटीच्या रस्तेदुरुस्तीच्या डेपोमागे सार्वजनिक नळ आहे, तिथून मार्लिसचा बाप अठरा मैलांवरून दुधाच्या कॅनमध्ये पाणी भरून आणत होता, तेही कुणी नसेल अशी वेळ साधून. आमच्याकडे विहीर आटली की माणूस शेतीतून उठला असं समजतात. त्याचं कुरण कोण घेणार, याची बोलणी त्याच्या देखत सुरू होतात.

"त्या नळाचं पाणी मी दर आठवड्याला तपासतो, बाई," लाइल म्हणाला. "अख्ख्या काउंटीत त्याहून स्वच्छ पाणी नाही. वर्नाच्या वड्या त्याच पाण्याच्या. पोरीने बाटलीला सुतळी बांधून आडात सोडली होती. म्हणाली, बाईंनी सांगितलं होतं."

हे कुणाला सांगणार नाही, असं त्याने ऑस्टबींना वचन दिलं होतं. मला सांगून त्याने ते मोडलं. का मोडलं, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मार्लिसला आत थांबवून घेतलं. मला सगळं कळलंय, माझी चूक झाली, असं म्हणाले. मग विचारलं, की तो ठिपका काढून टाकू का, चाचणीत गडबड झाली असं सगळ्यांना सांगू का?

"पुन्हा चाचणी करा म्हणतील," ती म्हणाली. "राहू द्या ना, बाई. लाल विहिरीत निदान पाणी तरी असतं."

ठिपका तसाच राहिला.

पुढच्या कॉफीला वर्नाने ताट आणलं, हेच मला नवल वाटलं. मी सगळ्यांच्या देखत दोन वड्या घेतल्या आणि उभ्याउभ्या खाल्ल्या. ग्लॅडिस माझ्याजवळ येऊन म्हणाली, "धाडसी आहात हं बाई. शिक्षकाने असंच असावं." आणखी दोघीतिघींनी माना डोलावल्या. मग एकीने अर्धी वडी तोडून घेतली.

पलीकडे वर्ना माझ्याकडेच बघत होती. ती वडी खायला धाडस लागत नाही, हे त्या खोलीत आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. मी ग्लॅडिसची शाबासकी घेतली आणि कॉफीचा कप पुढे केला.