आंदण

एकशे बाराव्या भागात मला इरावतीच्या लग्नात आंदण म्हणून दिलं, आणि पॅकअप झाल्यावरही मी आंदणच राहिले.

मालिका ऐतिहासिक होती. एका सरदार घराण्यातले दोन भाऊ, त्यांच्यात पेटणारं युद्ध, आणि त्याआधीची धाकट्या सुनेची नि तिच्या कुणबिणीची मैत्री. सून सगुणा म्हणजे इरावती. कुणबीण चिमी, मालकीची दासी, म्हणजे मी, केतकी रणदिवे. एकांकिका स्पर्धांपासूनच्या आम्ही मैत्रिणी. कोल्हापुरात एकाच खोलीत राहायचो. हे काम तिनंच मला मिळवून दिलं होतं.

त्या संध्याकाळी मी लुगडं सोडायला गेले, तर त्याला टोक नव्हतं. कंबरेभोवती कितीही फिरवला तरी हात पुन्हा कंबरेशीच यायचा. वेशभूषेच्या शैलाताईंनी कात्री लावली. कापडातून रक्त आलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "उद्याही हेच नेसायचंय तुला."

तोवर त्या मला अहो-जाहो करत.

इरावती फाटकाबाहेर रिक्षात बसली होती. सेटवरच्या वाड्याच्या चौकापासून फाटक तीस पावलांवर. मी शंभर चालले. मग पळाले. "केतकी, चल ना गं!" ती ओरडत होती आणि तिचा आवाज बारीक होत चालला होता. शेवटी तीच उतरून आली. तिला तीसच पावलं लागली. माझं मनगट धरून तिनं मला ओढत नेलं. ती बाहेर पोचली तेव्हा तिच्या मुठीत नुसती माझी बांगडी होती.

पहिले चार दिवस ती सेटवरच राहिली, माझ्याजवळ. तिनं लेखकाला फोन लावला. सगुणा चिमीला मुक्त करते, असा प्रसंग पुढं आहे ना?

"होता," लेखक म्हणाला. "युद्ध लवकर आणायचंय म्हणून काढला."

"मग मीच म्हणते," इरावती म्हणाली. कॅमेरा चालू असताना ती सरळ माझ्यासमोर आली. तिच्या ओठांवर 'तुला सोडलं' हे शब्द मला स्पष्ट दिसले. ऐकू मात्र आलं, "चिमे, पाणी आण." आणि मला कळायच्या आत मी रांजणाशी पोचले होते.

त्या दिवशी ती खूप रडली. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा थोडी रडली. एकशे पंचविसाव्या भागानंतर, दिवे बंद झाल्यावर, ती मला म्हणाली, "चिमे, पाय दाब गं जरा."

"इरा, माझं नाव घे."

ती बराच वेळ आठवत राहिली. मग तिनं पाय पुढं केले. मी दाबले.

एकशे एकतिसाव्या भागात घराची वाटणी झाली. सगुणेचे यजमान, धाकटे सरदार, सैन्य जमवायला गेले होते, म्हणून त्यांच्या वतीनं इरावती उभी होती. कारभारी चुन्याची फक्की घेऊन चौकातून रेघ ओढत निघाला. घोडे पलीकडे, हंडे अलीकडे. मला चौकाच्या मधोमध उभं केलं होतं. रेघ माझ्या अंगठ्याशी आली.

"सर, कट म्हणा," मी ओरडले. दिग्दर्शक मॉनिटरकडे बघत होते.

कारभारी थांबला नाही. पावलावरून, गुडघ्यांच्या मधून, पोटावरून, हनुवटीवरून त्यानं रेघ वर नेली आणि भांगात संपवली. चुना गार होता.

"बाईसाहेब," तो अदबीनं म्हणाला, "थोरल्यांनी निवड आपल्यावर सोडलीय. उजवी बाजू ठेवायची की डावी?"

इरावती जवळ आली. तिनं माझ्या एका डोळ्यात पाहिलं, मग दुसऱ्यात.

"इरा," मी म्हणाले. तोंडाचा डावा कोपराच फक्त हलला.

तिनं माझे दोन्ही दंड घट्ट धरले. पलीकडून थोरल्यांची माणसं दोर घेऊन येत होती.