लोणच्याच्या बरणीतला बेडूक

मित्रांनो, माझ्या पोटातल्या बेडकामुळे फाबिओ साहेबांना तीन गोष्टी मिळायच्या होत्या: भाषण, टाळ्या आणि मंत्रालयातली खुर्ची. एलिएसेरला मिळायची होती फक्त एक ओळ, स्वतःच्या नावाची. मला काय मिळणार, हे कुणी विचारले नाही. मी एक जुनी काचेची बरणी आहे. बरणीला कोण विचारतो?

जन्माने मी लोणच्याची. कोस्टा रिकाच्या दक्षिणेकडच्या डोंगरात ओर्तेन्सिया माझ्यात गाजर, फ्लॉवर आणि मिरच्यांचा चिलेरा, म्हणजे तिकडचे तिखट लोणचे, मुरवायची. एकदा नळावर आपटून माझ्या काठाचा टवका उडाला, तरी तिने मला टाकले नाही. तिचा नवरा एलिएसेर शेती सांभाळून संग्रहालयासाठी प्राणी गोळा करायचा. एका दुपारी तो ओढ्यावरून पिवळ्या पोटाचा इवलासा बेडूक घेऊन आला. घरात दुसरे भांडे रिकामे नव्हते.

"माझ्या बरणीत बेडूक?"

"उद्या परत आणतो."

"तुमचा उद्या मला चांगला ठाऊक आहे!"

तो उद्या एकतीस वर्षे उगवला नाही.

एलिएसेरने जाड कागदावर शिसपेन्सिलीने ओढ्याचे नाव, तारीख आणि स्वतःचे नाव लिहून चिठ्ठी बेडकासोबत आत स्पिरिटमध्ये सोडली. शाई स्पिरिटमध्ये विरघळते, शिसे टिकते. संग्रहालयात आम्ही बेडकांच्या चाळीस बरण्या एका फळीवर उभ्या राहिलो. सुरुवातीला मोठमोठे लोक मला उजेडात धरून "वा!" म्हणायचे. मग कुणी फिरकेना. झाकणाचे रबर तडकले, स्पिरिट उडू लागले, बेडकाची पाठ उघडी पडली. योर्लेनी नावाच्या कर्मचारीने वेळेवर येऊन स्पिरिट भरले म्हणून निभावले.

पुढे संगणकावर देशातल्या सगळ्या प्राण्यांची यादी करायचे ठरले. कुणीही घरबसल्या पाहावी अशी. नियम कडक होता: प्रत्येक नावामागे एक तरी खरा प्राणी हवा, आणि तो कुठला याचा पुरावा हवा. एलिएसेरचा ओढा एव्हाना अननसाच्या मळ्याखाली गेला होता. त्या जातीचा एकच साक्षीदार उरला होता, तो माझ्या पोटात.

"या पिवळ्या चिठ्ठ्या काढून टाका," संग्रहालयाचे प्रमुख फाबिओ साहेब म्हणाले. "फोटोत कचरा दिसेल."

"साहेब, नव्या घालू, पण जुन्याही राहू द्या ना."

"योर्लेनी, सगळं संगणकात उतरवलंय. तुम्हाला रद्दी जमवायचा छंद आहे का?"

जुन्या चिठ्ठ्या गेल्या. छापील क्रमांकाच्या पांढऱ्याशुभ्र चिठ्ठ्या आल्या. फोटोवाला यायचा होता. त्याच्याआधी यादीच्या तपासणीचा दिवस जवळ आला. आदल्या सकाळी योर्लेनीने मला उचलले आणि तिचा हात थबकला. आकडे कागदावरून सुटून माझ्या तळाशी मेलेल्या मुंग्यांसारखे पडले होते. शेजारणीच्याही. चाळीसच्या चाळीस! स्पिरिटमध्ये रंग उडून बेडूकही सगळे सारखेच तपकिरी. संगणकाला सगळे ठाऊक होते. फक्त कोणती बरणी कुठली, तेवढे सोडून.

फाबिओ साहेबांनी दार लोटले. "कुठल्याही बरणीला त्या पिवळ्या पोटाच्या बेडकाचा क्रमांक लावा. बेडूक तो बेडूक."

"मग ती यादी राहील का साहेब? थाप होईल."

"उद्या चारला यादी बंद होते. तुमचं खरं तोवर सापडलं तर बघा."

तिने एलिएसेरला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी तो बसने आला, सोबत ओर्तेन्सिया. पावणेचार वाजले होते. तपासनीस बाई लाल पेन्सिल घेऊन बसल्या होत्या. एलिएसेर एकेका बरणीपाशी वाकत होता. माझ्यापाशी आला, पाहिले, आणि पुढे गेला! मला ओरडता आले असते तर!

"डोळे गेले हो माझे," तो खाली बसत म्हणाला.

बाईंनी नाव खोडायला पेन्सिल उचलली. तेवढ्यात ओर्तेन्सिया सरळ चालत आली आणि तिने माझ्या टवक्यावर बोट ठेवले.

"ही माझी."

फाबिओ साहेब हसले. "आजी, इथे देशाची यादी चाललीय. भांडी नाही ओळखायची."

"तुम्हाला भांडी ओळखता आली असती, तर आम्हाला कशाला बोलावलं असतं?"

"लेखी काही आहे?" बाईंनी विचारले.

एलिएसेरने पावसाने फुगलेली वही काढली. त्या दिवसाच्या पानावर ओढ्याच्या नावाखाली लिहिले होते: 'बरणी ओर्तेन्सियाची, लोणच्याची, काठाला टवका. घरी भांडण.'

बाईंनी माझ्या काठावरून बोट फिरवले, वही पुन्हा वाचली आणि खूण केली. चारला तीन मिनिटे कमी होती.

मित्रांनो, नव्याच्या नादात जुनी चिठ्ठी फेकू नका. जे जिथे सापडले ते तिथेच लिहून ठेवा, घरच्या भांडणासकट.

फाबिओ साहेबांना टाळ्या मिळाल्या. एलिएसेरला यादीत त्याच्या नावाची ओळ मिळाली. ओर्तेन्सियाची बरणी कायमची गेली. निघताना तिने बाहीच्या टोकाने मायेने माझा काठ पुसला. राहिल्या एकोणचाळीस बरण्या. त्यांच्यापायी कुणाच्या घरी भांडण झाले नव्हते. त्या खालच्या फळीवर आहेत, आणि यादीत नाहीत.